युद्धकाळातले सुपरहिरो आणि त्यांच्या रहस्यकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या अमेरिकन कॉमिक्सचा विषय निघाला की मला तेच तेच प्रश्न येतात. काही जण सिनेमे बघून येतात, काही जण लहानपणी इंद्रजाल वाचलेले असतात आणि काहींना नुसतंच कुतूहल असतं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

नेमक्या कुठल्या कॉमिक्सबद्दल बोलतोय आपण?

ढोबळमानाने १९३८ ते १९४५ या काळातल्या. जून १९३८ तारखेच्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, मे १९३९ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्समध्ये बॅटमॅन आला आणि मग न्यूयॉर्कमधल्या लहानमोठ्या प्रकाशकांनी धडाधड हिरो काढायला सुरुवात केली. याला गोल्डन एज म्हणतात. किंमत दहा सेंट, पानं साधारण ६४ आणि एका अंकात एकच गोष्ट नाही तर चार-पाच तरी, वेगवेगळ्या हिरोंच्या. कागद अगदी स्वस्तातला, छपाई कधी कधी इतकी सरकलेली की लाल रंग हिरोच्या अंगावर कमी आणि बाजूच्या भिंतीवर जास्त. पण त्या पानांमध्ये जो जोर आहे तो आजच्या गुळगुळीत कागदावर क्वचित दिसतो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

युद्धाच्या गोष्टी म्हणजे रणगाडे आणि विमानं ना? यात गुन्हा आणि रहस्य कुठून आलं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. यातल्या बऱ्याच गोष्टी रणांगणावर घडतच नाहीत, त्या घडतात अमेरिकेतल्या बंदरात, दारूगोळ्याच्या कारखान्यात, नाटकाच्या थिएटरात, कुठल्यातरी सेनापतीच्या घरी रात्री दोन वाजता. कुणीतरी मेलंय, कुणी मारलं ते कळत नाहीये, आणि शेवटी कळतं की मारणारा आपल्यातच बसलेला होता. म्हणजे सांगाडा पूर्ण डिटेक्टिव्ह कथेचा, फक्त खुन्याच्या मागे बर्लिन उभं आहे.

याला दोन कारणं. पहिलं म्हणजे हे लेखक-चित्रकार पल्प मासिकं, म्हणजे स्वस्त कागदावरची थरारकथांची मासिकं, वाचून मोठे झालेले, मुखवटे घातलेले न्यायदूत, धुक्यातले पाठलाग, बंद खोलीतले खून हेच त्यांचं खाद्य होतं. आपल्याकडे त्याच सुमारास बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड जसे वाचनालयातून फाटेपर्यंत वाचले जायचे तसंच ते प्रकरण. दुसरं कारण म्हणजे भीती खरी होती. २० फेब्रुवारी १९३९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन अमेरिकन बुंड नावाच्या नाझीधार्जिण्या संघटनेनं सभा घेतली तिला सुमारे २०,००० लोक आले होते, भर शहरात, स्वस्तिकाचे झेंडे लावून. जून १९४१ मध्ये एफबीआयनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेनं, ड्युकेन हेरजाळं पकडलं त्यात ३३ माणसं सापडली, आणि त्यांना पकडायला न्यूयॉर्कमध्ये एक खोटं ऑफिस थाटलं होतं ज्यातल्या आरशामागून एफबीआयवाले येणाऱ्या-जाणाऱ्यांची फिल्म घेत होते. हे कॉमिक्समध्ये वाचलं असतं तर आपण म्हटलं असतं की अतीच झालं.

आणि जून १९४२ मध्ये तर हद्द झाली. जर्मन पाणबुडीतून चार जण रात्री लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर उतरले आणि चार जण फ्लोरिडात, स्फोटकं वाळूत पुरली, खिशात अमेरिकन डॉलर, डोक्यात कारखान्यांची यादी. लाँग आयलंडवर धुक्यात गस्त घालणाऱ्या एका तटरक्षकाशी त्यांची समोरासमोर गाठ पडली, आणि पुढे त्यांच्यातलाच एक जण स्वतःहून एफबीआयकडे गेला म्हणून सगळे सापडले. आठातल्या सहा जणांना ८ ऑगस्ट १९४२ ला मृत्युदंड दिला गेला. कॉमिक्सवाले अशा गोष्टी दीड वर्ष आधीपासून लिहीत होते.

तेव्हा इंग्रजीत फिफ्थ कॉलम हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. आपल्याकडे घरभेदी म्हणतात, अस्तनीतला निखारा म्हणतात. तो निखारा शोधणं म्हणजेच या कॉमिक्समधलं रहस्य.

कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाचं एवढं कौतुक का करतात?

तारीख बघा म्हणजे कळेल. अंकावर मार्च १९४१ छापलंय पण तो विक्रीला आला २० डिसेंबर १९४० ला. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तो ७ डिसेंबर १९४१ ला. म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या जवळजवळ वर्षभर आधी, जेव्हा देशातल्या कितीतरी लोकांना वाटत होतं की युरोपचं भांडण युरोपनं बघावं, तेव्हा जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन तरुणांनी कव्हरवर कॅप्टन अमेरिका, म्हणजे झेंड्याच्या रंगांचा पोशाख घालणारा त्यांचा हिरो, सरळ हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवला. नावाचा आडपडदा नाही, कुठल्यातरी काल्पनिक देशाचा हुकूमशहा वगैरे नाही.

ते कव्हर एकदा निवांत मोठं करून बघा. ठोसा सगळ्यांना आठवतो पण आजूबाजूला काय काय आहे ते बघा. एक सैनिक गोळी झाडतोय आणि ती ढालीवर आपटून उडतेय. जमिनीवर कागद पडलाय, त्यावर अमेरिकेतल्या घातपाताचे बेत असं लिहिलंय. अमेरिकेचा नकाशा आहे. मागे एक पडदा आहे, टीव्हीसारखा, त्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवताना दिसतोय. म्हणजे कॅप्टन एका गुन्ह्याच्या तपासात थेट सूत्रधाराच्या खोलीत पोचलाय आणि पुरावे सगळे टेबलाखाली विखुरलेत. मला हे कव्हर युद्धाच्या चित्रापेक्षा डिटेक्टिव्ह गोष्टीच्या शेवटच्या पानासारखं वाटतं.

अंक जवळजवळ दहा लाख खपला.

त्या अंकातली एखादी गोष्ट सांगाल का? शेवट कळला तरी चालेल.

रेड स्कलची सांगतो, कारण सिनेमातला रेड स्कल आणि हा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लष्करातले मोठे अधिकारी एकेक करून मरतायत. मारणारा लाल कवटीचा मुखवटा घालून येतो आणि म्हणे नुसत्या नजरेनं मारतो. प्रेतावर जखम नाही. आता नजरेनं कुणी मरत नाही हे कॅप्टनला माहितीये, आपल्यालाही माहितीये, त्यामुळे खरा प्रश्न असा की हे करतोय कसा आणि मुखवट्यामागे आहे कोण. शेवटी मुखवटा निघतो तर आत जॉर्ज मॅक्सन, विमानं बनवणाऱ्या कंपनीचा मालक, अमेरिकन माणूस, सैन्याला विमानं पुरवणारा, छावणीत सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेलेला. नजर-बिजर काही नाही, विषारी इंजेक्शनची सुई. आणि हे सगळं कशासाठी तर हिटलरनं त्याला उद्या अमेरिका जिंकल्यावर उद्योगखात्याचं मंत्रिपद कबूल केलंय.

झटापटीत तो स्वतःच्याच सुईवर पडून मरतो. आणि मग बकी, म्हणजे कॅप्टनचा पोरगेला जोडीदार, विचारतो की तुला दिसत होतं तर अडवलं का नाहीस, आणि कॅप्टन म्हणतो की मी यावर बोलणार नाही. संपलं. मुलांच्या दहा सेंटच्या कॉमिकमध्ये असा शेवट आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायच्या आधी बराच वेळ थांबलो होतो.

पुढे अर्थातच रेड स्कल परत आला, तिसऱ्या अंकातच, आणि १९६० च्या दशकात त्याची सगळी जन्मकथाच बदलून तो जर्मन झाला. मला विचाराल तर कारखानदार मॅक्सनच जास्त भयंकर होता. परका शत्रू ओळखता येतो हो, शेजारच्या खुर्चीतला ओळखायला वेळ लागतो.

त्याच अंकात आणखी एक गोष्ट आहे, दोन भविष्यवेत्त्यांची. स्टेजवर एक जण घातपाताचं भाकीत करतो आणि ते खरं होतं. का खरं होतं, कारण घातपात करणारी टोळी त्यांचीच. हे प्रकरण आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

हे बनवणारे लोक कोण होते?

बहुतेक विशीतली पोरं, आणि त्यातली फार मोठी संख्या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांची. जॅक कर्बीचं खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग, जन्म १९१७ चा, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या दाटीवाटीच्या वस्तीतला, गल्लीतल्या मारामाऱ्या करत वाढलेला. स्टॅन लीचं नाव स्टॅनली लीबर, तो तेव्हा ऑफिसात उमेदवारी करणारा पोरगा होता आणि त्याचं पहिलं छापलेलं लिखाण कॅप्टन अमेरिकाच्या तिसऱ्या अंकात आहे, ज्यात ढाल पहिल्यांदा फेकून मारलीये. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे सुपरमॅनचे दोघे, बॅटमॅनचे बॉब केन आणि बिल फिंगर, स्पिरिट या मुखवटेवाल्या डिटेक्टिव्हचा विल आइस्नर, सगळे ज्यू. त्यांच्या घरी युरोपातून पत्रं यायची किंवा यायची बंद झाली होती. त्यांना हिटलर कोण आहे हे वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती.

कव्हर बाजारात आल्यावर ऑफिसात धमकीची पत्रं आणि फोन सुरू झाले, खालच्या रस्त्यावर संशयास्पद माणसं घुटमळायला लागली. सायमननं नंतर लिहिलंय की महापौर ला गार्डियांनी स्वतः फोन करून सांगितलं, तुम्ही घाबरू नका, न्यूयॉर्क शहर तुमच्या पाठीशी आहे. कर्बीबद्दल असं सांगतात की खाली लॉबीत काही नाझी उभे आहेत असा फोन आला तेव्हा हा माणूस बाह्या सरसावून जिन्यानं खाली गेला, पण तोवर ते पसार झाले होते.

दोघं फक्त दहा अंक करून पैशाच्या वादामुळे दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले. नंतर सायमन तटरक्षक दलात आणि कर्बी पायदळात. ऑगस्ट १९४४ मध्ये कर्बी नॉर्मंडीत उतरला आणि त्याच्या वरिष्ठाला कळलं की हा कॉमिक्सवाला आहे, चित्र काढता येतं, तर त्याला पुढे शत्रूच्या हद्दीत जाऊन तिथले नकाशे काढून आणायचं काम दिलं. सगळ्यात धोक्याचं काम, आणि मिळालं ते हात चांगला होता म्हणून. थंडीनं त्याचे पाय इतके खराब झाले की कापावे लागतील की काय अशी वेळ आली होती. ठोसा कागदावर मारला आणि मग जवळजवळ चार वर्षांनी खरोखर तिथे गेला, हे मला नेहमी आठवतं.

कॅप्टनची ढाल पहिल्या अंकात त्रिकोणी का आहे?

कारण दुसऱ्या एका प्रकाशकाकडे शील्ड नावाचा झेंड्याच्या रंगांचा हिरो आधीच होता, जानेवारी १९४० पासून, आणि त्याच्या छातीवरचा आकार तसाच होता. त्यांनी तक्रार केली म्हणून दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. बरंच झालं, त्रिकोणी ढाल फेकणार कशी.

सुपरमॅन होता तर त्यानं एका दिवसात युद्ध का नाही संपवलं?

हा प्रश्न तेव्हाच्या संपादकांनाही पडला होता आणि उत्तर सोपं नव्हतं. संपवलं असतं तर वाचणाऱ्या मुलाचा भाऊ अजून आघाडीवर का आहे हे कसं सांगणार? आणि सैन्यात खरोखर मरणाऱ्या माणसांचा तो अपमान झाला असता.

म्हणून १९४२ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रातल्या स्ट्रिपमध्ये एक युक्ती केली. क्लार्क केंट भरतीला जातो, डोळ्यांची तपासणी असते, तो गडबडीत एक्स-रे नजरेनं शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो आणि नापास होतो. मग तो मायदेशीच राहतो, हेर आणि घातपाती पकडत. परत तीच डिटेक्टिव्ह गोष्ट!

त्याआधी मात्र फेब्रुवारी १९४० मध्ये लुक मासिकासाठी सीगल आणि शुस्टरनं दोन पानांत त्याला युद्ध संपवू दिलं होतं, हिटलर आणि स्टालिन दोघांची मानगूट धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभं केलं होतं. ते इतकं झोंबलं की हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाच्या मुखपत्रानं सीगलवर ज्यूद्वेषानं भरलेला लेख छापला. क्लीव्हलंडच्या एका चष्मेवाल्या पोरानं लिहिलेली दोन पानं, आणि त्याला उत्तर द्यावंसं वाटलं कुणाला तर एसएसला.

आणखी एक प्रकरण तर खरंखुरं रहस्य आहे. एप्रिल १९४५ मध्ये सुपरमॅनच्या स्ट्रिपमध्ये सायक्लोट्रॉन दाखवला गेला, अणूशी संबंधित यंत्र. अणुबॉम्बचं काम तेव्हा इतकं गुप्त होतं की युद्धखात्याची झोप उडाली आणि ते थांबवायला सांगितलं गेलं. लिहिणाऱ्याला गुपित वगैरे काही माहीत नव्हतं, मासिकात वाचलेलं त्यानं वापरलं होतं.

आणि बॅटमॅन?

कव्हरवर युद्ध, आत जोकर, म्हणजे त्याचा ठरलेला शत्रू. वॉर बाँड, म्हणजे युद्धासाठी सरकारनं काढलेले रोखे, घ्या सांगणारी कव्हरं भरपूर आहेत, १९४३ च्या एका कव्हरवर सुपरमॅन, बॅटमॅन आणि रॉबिन हिटलर, मुसोलिनी आणि जपानी नेत्याच्या तोंडावर बेसबॉल मारतायत, पण आतल्या गोष्टी बहुतेक गॉथमच्या, म्हणजे त्याच्या शहराच्या, गुन्हेगारीच्याच. शुद्ध रहस्यकथा हव्या असतील तर युद्धाचा धुरळा कमी असलेला हा चांगला पर्याय.

बायका होत्या का यात? हिरो म्हणून आणि बनवणाऱ्या म्हणून?

होत्या, आणि यांच्यावर कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं.

वंडर वुमन १९४१ च्या शेवटी आली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन लेखक, एच. जी. पीटर चित्रकार. ती अमेरिकेत येते ती गुप्तहेर खात्यातल्या स्टीव्ह ट्रेव्हरला घेऊन, त्यामुळे सुरुवातीच्या गोष्टी हेरगिरीच्याच आहेत. तिची पहिली मोठी शत्रू बॅरोनेस पाउला फॉन गुंथर, नाझी हेर, निर्दयी. पण पुढे कळतं की तिची लहान मुलगी नाझींच्या ताब्यात आहे म्हणून ती हे सगळं करतेय. वंडर वुमन मुलीला सोडवते आणि पाउला बदलते, तिची मैत्रीणच होते. बाकीचे हिरो खलनायकाला दरीत ढकलत होते त्याच वर्षांत ही गोष्ट छापली गेली.

मिस फ्युरी नक्की शोधा. एप्रिल १९४१ पासून वर्तमानपत्रात यायची, काढणारी टार्पे मिल्स. खरं नाव जून मिल्स, पण बाईचं नाव दिसलं तर मुलं वाचणार नाहीत म्हणून नाव बदललं. नायिका मार्ला ड्रेक ही श्रीमंत बाई, काळ्या पँथरच्या कातड्याचा पोशाख घालते, अलौकिक शक्ती काही नाही. समोर बॅरोनेस एरिका फॉन काम्प्फ, जिच्या कपाळावर स्वस्तिकाचा डाग दिलेला आहे आणि तो ती केसांच्या बटेखाली लपवते. कथानक ब्राझीलपर्यंत जातं. पोशाख आणि खोल्यांची चित्रं इतकी बारकाईनं काढलीयेत की जुना क्राइम सिनेमा बघितल्यासारखं वाटतं.

आणि लिली रने. व्हिएन्नातली ज्यू मुलगी, १९३९ मध्ये किंडरट्रान्सपोर्टनं, म्हणजे नाझींच्या तावडीतून मुलांना बाहेर काढणाऱ्या त्या योजनेतून इंग्लंडला पोचली, पुढे न्यूयॉर्कला आईवडिलांकडे. तिथे फिक्शन हाउस या प्रकाशकाकडे चित्रकाराचं काम मिळालं आणि तिच्याकडे आली सेनोरिटा रिओ, हॉलिवूडची नटी जी खरं म्हणजे अमेरिकेची हेर आहे आणि दक्षिण अमेरिकेत नाझी शोधते. सही फक्त एल. रने अशी असायची म्हणून वाचकांना वाटायचं हा कोणी पुरुष आहे. स्वतः ज्या लोकांपासून जीव वाचवून पळाली त्यांना ती महिन्यामहिन्याला पानावर पकडत होती. १०१ वर्षं जगली, २०२२ मध्ये गेली.

यात जपानी लोकांना फार वाईट दाखवलंय असं ऐकलं. खरंय?

खरंय, आणि हे झाकून मी कुणाला ही कॉमिक्स वाचा असं सांगणार नाही. जर्मन खलनायक असला की तो एक नाझी असतो, त्याचं नाव असतं, कधी कधी चांगला जर्मनही असतो. जपानी असला की पूर्ण वंशच राक्षसासारखा, पिवळं कातडं, सुळे, नखं. चित्रकार ॲलेक्स शॉम्बर्गची गर्दीनं भरलेली कव्हरं चित्र म्हणून अप्रतिम आहेत आणि त्यातले जपानी चेहरे बघवत नाहीत, दोन्ही एकाच पानावर. आणि हे नुसतं चित्र नव्हतं. फेब्रुवारी १९४२ च्या सरकारी आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत डांबलं, त्यात बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. घरभेदी शोधायच्या त्याच भीतीचं हे दुसरं टोक. गोष्टीत घरभेदी कारखान्याचा गोरा मालक निघायचा, प्रत्यक्षात शिक्षा झाली ती भाजी पिकवणाऱ्या कुटुंबांना.

काळ्या पात्रांचंही तेच. स्पिरिटचा मदतनीस एबनी जसा काढलाय ते बघून वाईट वाटतं. पण तेव्हा कुणालाच खटकत नव्हतं असं म्हणू नका. कॅप्टन मार्व्हलच्या गोष्टीत स्टीमबोट नावाचं असंच एक पात्र होतं, तर न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचं शिष्टमंडळ प्रकाशकाकडे गेलं, हे चित्रण चूक आहे असं तोंडावर सांगितलं, आणि १९४५ मध्ये ते पात्र बंद झालं. शाळकरी मुलांनी करून दाखवलं हे.

स्पिरिटला सुपरहिरो म्हणायचं का?

डोळ्यांवर छोटा मुखवटा आहे म्हणून म्हणायचं, बाकी तो सूट-टोपीतला डिटेक्टिव्ह. डेनी कोल्ट, सगळ्यांना वाटतं तो मेला, राहतो वाइल्डवूडच्या स्मशानात. २ जून १९४० पासून दर रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत, फक्त सात पानांची गोष्ट. आइस्नर १९४२ मध्ये सैन्यात गेला तेव्हा दुसऱ्यांनी चालवलं. तिथे तो सैनिकांना गाड्यांची देखभाल शिकवणारी चित्रं काढत होता. युद्धावरून परत आल्यावरच्या गोष्टी जास्त चांगल्या आहेत, पाऊस, जिने, सावल्या, आणि छोटी छोटी हरलेली माणसं.

आपल्या वेताळाचा याच्याशी काही संबंध?

आहे की! वेताळ म्हणजे फँटम, ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू केलेला, सुपरमॅनच्याही आधीचा. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा हे त्याच्यापासूनच रुळलं. १९४२ मध्ये फॉकनं जपानी सैन्य वेताळाच्या जंगलात उतरवलं आणि वेताळ आणि तिथले बांदर लोक त्यांच्याशी लढले. फॉक स्वतः तेव्हा सरकारच्या युद्धमाहिती खात्यात कामाला होता.

आपल्याकडे १९६४ पासून टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो आला, मराठीतही. त्याच्या देशाचं मूळ नाव बंगालसारखं वाटायचं म्हणून इथे ते डेंकाली केलं. मी रद्दीच्या दुकानातून आणलेल्या, कव्हर नसलेल्या अंकांवर वाढलो. वेताळाच्या अंगठीनं गुंडाच्या हनुवटीवर उठणारी ती कवटीची खूण बघून मी अंगठीसाठी हट्ट केला होता. त्या अंकांमधूनच मी मागे मागे जात या चाळीसच्या दशकात पोचलो.

जुने अंक इतके महाग का असतात?

कारण ते रद्दीत गेले! युद्धात कागदाची टंचाई होती, सरकारनं प्रकाशकांचा कागद कमी केला, ६४ पानांचे अंक हळूहळू ५० च्या आसपास आले. आणि कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, शाळेतली मुलं आणि स्काउट घरोघर फिरून रद्दी मागायचे. ज्या कॉमिकमध्ये हिरो सांगतोय की देशासाठी कागद द्या, तेच कॉमिक मुलं ढिगावर टाकत होती. वॉर स्टँप दहा सेंटपासून मिळायचा, कॉमिकही दहा सेंटला, म्हणजे मुलाच्या हातात एक नाणं आणि दोनातलं एक निवडायचं. स्टँप चिकटवत १८.७५ डॉलरचा आल्बम भरला की बाँड मिळायचा, दहा वर्षांनी त्याचे २५ डॉलर. लाखोंनी छापलेले अंक आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का उरले याचं मोठं कारण ही रद्दी.

युद्ध संपल्यावर काय झालं?

हिरो ओसरले, गुन्हा राहिला. १९४२ मध्येच क्राइम डझ नॉट पे नावाचं कॉमिक सुरू झालं होतं, खऱ्या गुन्हेगारांच्या गोष्टी, आणि टॉप हॅट घातलेला मिस्टर क्राइम हा भुतासारखा निवेदक. युद्धानंतर त्याची नक्कल करणारी डझनभर निघाली. कॅप्टन अमेरिका कॉमिक्सचं तर शेवटी नावच बदलून विचित्र कथांचं झालं आणि १९५० पर्यंत तेही बंद पडलं. मग १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थमचं पुस्तक, सिनेटची सुनावणी, आणि प्रकाशकांनी स्वतःवर लादून घेतलेली कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता. कोड आल्यावर मुखवटा काढून कारखानदाराचा चेहरा दाखवणारी, शेवटी उत्तर न देणारी गोष्ट छापणं अवघड झालं. कॅप्टन कायमचा परत आला तो १९६४ मध्ये, बर्फात गोठलेला सापडला.

कव्हरवरची तारीख आणि खरी तारीख वेगळी का?

दुकानदारानं अंक लवकर काढून टाकू नये म्हणून दोन-तीन महिने पुढची तारीख छापायचे. युद्धाच्या संदर्भात हे फार महत्त्वाचं आहे. डिसेंबर १९४१ ची तारीख दिसली म्हणून ती गोष्ट पर्ल हार्बरनंतरची समजू नका, ती त्याच्या आधीच काढून, छापून दुकानात गेलेली असते.

सुरुवात कुठून करू?

ज्यांचे हक्क संपलेत असे हजारो अंक डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या साइटवर फुकट आहेत, पूर्णपणे कायदेशीर. फिक्शन हाउसचे फाइट कॉमिक्सचे अंक तिथेच बघा, सेनोरिटा रिओ त्यातच आहे. कॅप्टन अमेरिका, वंडर वुमन, सुपरमॅन यांचे जुने अंक मोठ्या कंपन्यांनी संग्रह म्हणून काढलेत ते विकत किंवा लायब्ररीतून मिळवावे लागतील.

एकदम दहा अंक वाचू नका, कंटाळा येईल, कारण ते महिन्याला एक वाचायला बनवलेले होते. एक घ्या आणि जाहिरातींसकट वाचा. स्टँप घ्या सांगणारी पानं, क्लबच्या बिल्ल्यांची कुपनं. स्कॅनमध्ये कधी कधी कुपनाच्या जागी चौकोनी भोक दिसतं आणि त्यातून मागच्या गोष्टीतला अर्धा चेहरा. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी कात्री लावून ते कापलं आणि दहा सेंट पाकिटात घालून पाठवलं, आणि तरीही तो अंक रद्दीत नाही दिला.